दहापैकी किती

सातवी सुई डाव्या कानाच्या पाळीमागे शिरली तरी दामूने डोळे मिटले नाहीत. आठवी तर त्याने नजरेसमोरच घालून घेतली, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मांसात. सुई घालणारीचा हात थरथरतो का, हे त्याला पाहायचं होतं. संजनाबाईंचा हात थरथरला नाही. त्यांनी सुईला दोन बोटांत हलकासा पीळ दिला, मागे सरकल्या आणि टेबलावरच्या वहीचं पान उलटलं.

"आज शिटी किती, रोकडे काका? दहापैकी?"

"आठ."

"बरं," म्हणून त्यांनी लिहून घेतलं. "वीस मिनिटं पडून राहा. सुया आहेत तोवर उठायचं नाही."

कानातली शिटी खरं तर सहाच होती. दामूने मुद्दाम दोन चढवून सांगितली होती, आणि गेल्या शुक्रवारी दोन उतरवून. त्याचा हिशेब सरळ होता. उतरली म्हटलं की बाई म्हणणार, बघा गुण आला. चढली म्हटलं की म्हणणार, अजून पाचदहा वेळा यावं लागेल. दोन्हीपैकी काहीही म्हणाली असती तरी ती त्याच्या तावडीत सापडली असती. पण बाई दोन्ही वेळा नुसतं "बरं" म्हणाली. दुसऱ्या कोणाचा एवढ्यावर विश्वास बसला असता. दामूचा संशय उलट वाढला. ज्याला काहीच विकायचं नाही त्याचा डाव खोल असतो, असं त्याचं मत होतं.

त्यात ही बाई स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत नव्हती. पहिल्या दिवशी त्याने "डागदरीनबाई" म्हटलं तेव्हा तिने लगेच सांगितलं होतं, "मी सुयांचं शिकले आहे, परवाना आहे, पण मला डॉक्टर म्हणू नका. काहींना यानं फरक पडतो, काहींना काहीच पडत नाही. का पडतो, ते मलाही नीट सांगता येणार नाही." असं बोलणारा वैद्य दामूने आजवर पाहिला नव्हता.

संशय हा त्याचा नुसता स्वभाव नव्हता, ती त्याची नोकरी होती. दामू रेल्वेत चाकं ठोकायचा. घाट चढण्याआधी लांबच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. तेवढ्या वेळात लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या कडेने चालत जायचं, एकेका चाकाला टोला द्यायचा आणि कान द्यायचा. चाक खणखणलं तर पुढे. बद्द बोललं तर आत कुठेतरी चीर आहे समजायचं आणि गाडी अडवायची. चौतीस वर्षं त्याने हेच केलं. डब्यातली माणसं चहा पीत बसलेली असायची आणि त्यांचा जीव खाली चालणाऱ्या एका माणसाच्या कानावर असायचा. हे दामू सगळ्यांना सांगायचा, एकदा नव्हे, दहादा.

त्यामुळे त्याला ठोकून बघायची खोडच लागली. नेरळच्या बाजारात माठ ठोकायचा, कलिंगड ठोकायचं, नवीन पातेलं ठोकायचं. "वाजतंय ते चाक चांगलं," हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. नातू स्वराज तान्हा असताना रडून घर डोक्यावर घ्यायचा तेव्हाही दामू कूस बदलून म्हणायचा, "वाजतंय ते चाक चांगलं. बद्द झालं तर मला सांगा." सगळे हसायचे. ते वाक्य त्याच्या गावात, पोशीरमध्ये, इतकं प्रसिद्ध झालं होतं की पोरंटोरं त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायची.

आणि मग दोन वर्षांपूर्वी त्याचाच कान वाजायला लागला. बारीक, लोखंडी, मध्ये श्वासही न घेणारी शिटी. पनवेलच्या कानाच्या डॉक्टरने काचेच्या खोलीत बसवून तपासलं, खाली घसरत गेलेल्या रेघांचा एक कागद दिला आणि सांगितलं, वय आणि नोकरी, दोन्हींनी कान खराब केलेत, यावर गोळी नाही, सवय करून घ्या. दामूला सवय होईना. जेवणात लक्ष लागेना, विहारात वंदनेला बसला तरी शांत वाटेना.

तेव्हा त्याची बायको जानकीबाई म्हणाली, "लोधिवलीला सुया लावतात. जाऊ या."

संशयाचं मूळ तिथे होतं. जानकीबाई म्हणजे तापाची गोळीसुद्धा अर्धी मोडून घेणारी बाई. पोशीरहून नेरळ, नेरळहून कर्जत, कर्जतहून चौक आणि तिथून लोधिवली, एवढी यातायात आठवड्यातून दोनदा करायला ती एका पायावर तयार झाली होती. कर्जतमध्येच सुया लावणारा एक जण आहे, असं दामूने सांगून पाहिलं. "तो नको," एवढंच ती म्हणाली. का नको, ते नाही.

पहिल्या दिवशी संजनाबाईंनी दार उघडलं आणि कोणी काही सांगायच्या आत म्हणाल्या, "या, जानकीबाई." दामू उंबऱ्यातच थांबला होता. परत येताना त्याने विचारलं, "तुझं नाव कसं ठाऊक तिला?"

"सोनूनं सांगितलं आसंल," जानकीबाई म्हणाली. सोनुबाई तिची धाकटी बहीण, लोधिवलीतच दिलेली. जानकीबाई तिच्याकडे गेली तीनचार वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी जायची. उत्तर चोख होतं, पण जरा जास्तच लवकर आलं होतं.

मग दामूला मागच्या गोष्टीही आठवू लागल्या. त्याने शिटीबद्दल घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मुलगा कपिल आणि सून जागृती यांनी दहा प्रश्न विचारले होते. जानकीबाईने एकही विचारला नाही. ती उठली आणि तिने पंखा लावला. जानेवारीचे दिवस होते.

"थंडीत पंखा कशाला गं?"

"चालू राऊ दे. कायतरी आवाज लागतो सोबतीला. नायतर ती डोस्क्यात ठाण मांडून बसते."

तिला कसं माहीत, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नव्हता. आता पडला. पनवेलच्या डॉक्टरने पंख्याचं सांगितलं ते त्यानंतर दोन महिन्यांनी.

आधी त्याला वाटलं, संजनाबाईने जानकीला भोळी बघून गुंडाळलंय. मग वाटलं, नाही, दोघी एक आहेत. पडद्याआड बाई कोणाशी तरी कुजबुजायची. काय कुजबुजायची ते शिटीपायी कळत नव्हतं. दामूने एकदा विचारलंही, "तिकडं कोन पेशंट हाय?" त्यावर बाई म्हणाल्या, "मी एकाचं दुसऱ्याला सांगत नाही, काका." आणि मग मागच्या रविवारी, अंगणात वालाच्या शेंगा निवडत जानकीबाई फोनवर कपिलशी बोलत होती. खोपोलीच्या कारखान्यात त्याची पाळी सुरू होती. ती नेहमीसारखी मोठ्याने बोलत होती. पोशीरच्या भात गिरणीत बावीस वर्षं काढल्यामुळे तिचा आवाज चढाच असायचा. गिरणीवानी वरडू नको, म्हणून दामू तिला चिडवायचा. त्या दिवशी त्या चढ्या आवाजानेच घात केला.

"त्यान्ला सांगू नको रं," ती म्हणत होती. "कळंल तवा कळंल. आता या वयात कशाला जिवाला घोर."

दामू दाराआड उभा होता.

म्हणजे डोक्यात काहीतरी निघालं होतं. पनवेलच्या डॉक्टरने कपिलला बाजूला घेऊन सांगितलं असणार, आणि ही शिटी म्हणजे त्या दुखण्याचा आवाज. सुया फक्त म्हाताऱ्याचं मन रमवायला. त्याने कपाटातून तो कागद काढला, चष्मा लावून तासभर पाहिला. घसरत गेलेल्या रेघांत त्याला काहीही दिसलं नाही, आणि काही दिसत नाही म्हणूनच तो जास्त घाबरला. त्या दिवसापासून त्याचं सगळं लक्ष जानकीबाईवर होतं. मरणाची भीती होतीच, ती नाही कशी म्हणणार. पण जिच्याबरोबर शेहेचाळीस वर्षं काढली ती आपल्याशी खोटं बोलते, हे त्याला जास्त लागलं होतं. खरं काय ते त्याला तिच्या तोंडून हवं होतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

आज येतानाही त्यांचं काही धड बोलणं झालं नव्हतं. मिनिडोर रिक्षात दामू दाराशी, डाव्या कडेला बसला होता. जानकीबाई नेहमीप्रमाणे म्हणाली, "तिकडं सरका." तिला कायम डावी कड लागायची. वाऱ्याला बसायची हौस, असं तो समजायचा. आज त्यातही त्याला काहीतरी काळंबेरं दिसलं, आणि तो सरकला नाही. तो दोनदा काही बोलला, तिने "काय?" केलं, आणि त्याने तोंड रस्त्याकडे फिरवलं. उत्तर टाळायचं असलं की माणूस "काय?" म्हणतो, हे त्याला ठाऊक होतं.

आता तो सुया घेऊन पडला होता. कोपऱ्यात छोटं घड्याळ टिकटिकत असावं. काटा हलताना दिसत होता, आवाज येत नव्हता. मधल्या हिरव्या पडद्यापलीकडे खाटेची कुरकुर झाली. कोणीतरी आडवं झालं. मग संजनाबाईंचा आवाज आला, हळू, पण दामूला एवढं नक्की समजलं.

"आज किती? दहापैकी?"

उत्तर शिटीत बुडालं.

दामू छताकडे बघत राहिला आणि त्याला ओसरी आठवली. आत येताना त्याने चपला काढल्या होत्या आणि सवयीने मोजल्या होत्या. त्याच्या काळ्या, जानकीबाईच्या निळ्या पट्ट्याच्या. बाईंच्या सपाता आत पायात. तिसरा पेशंट असता तर तिसरा जोड असता. म्हणजे बाई पलीकडे जानकीलाच विचारत होती. नवऱ्याचं किती राहिलं, असंच विचारत असणार. दहापैकी किती.

उठायचं नाही असं सांगितलेलं होतं. दामू उठला. नडगीच्या दोन सुया ताणल्या गेल्या आणि पायातून एक कळ गेली. हात पुढे धरून, अनवाणी, तो तीन पावलं चालला आणि त्याने पडद्याची कड उचलली.

जानकीबाई खाटेवर पडली होती. चष्मा काढून पोटावर ठेवलेला, पदर मानेखाली नीट दुमडलेला. उजवा कान उशीत रुतलेला, डाव्या कानाभोवती पाच सुया होत्या आणि एक हातात, त्याच्या होती तिथेच. लाल दिव्याचा शेक कानावर पडत होता. डोळे मिटलेले होते.

दामू तिच्या डाव्या बाजूला उभा होता, हातभर अंतरावर.

"जानके," तो म्हणाला.

तिची पापणीही हलली नाही.

"जानके," त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. ती तशीच पडून राहिली, शांत, आणि तिचं पोट चष्म्यासकट वरखाली होत होतं.

मागच्या दारातून संजनाबाई कापसाची पुडी घेऊन आत आल्या आणि थांबल्या. रागावल्या नाहीत. "झोपा जाऊन," त्या पुटपुटल्या. "सुई वाकेल."

तो परत जाऊन पडला. पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. डोक्यात काही नव्हतं, तो मरणार नव्हता. छाती भरून श्वास आला. आणि तो श्वास सोडता सोडता त्याला स्वतःची लाज वाटली, कारण पलीकडे बायको कानात सुया घेऊन पडली होती आणि याला सुटल्यासारखं वाटत होतं.

वेळ झाल्यावर बाईंनी सुया काढून स्टीलच्या वाटीत टाकल्या. त्याने विचारलं, "कदीपासून येते ती?"

"ते त्यांनाच विचारा, काका."

"सहा लिहा माजं," दामू म्हणाला. "मगाशी आठ सांगितलं ते खोटं व्हतं. शुक्रवारचं बी."

"बरं," म्हणत त्यांनी आठ खोडून सहा लिहिलं.

तो बाहेर आला तेव्हा जानकीबाई ओसरीच्या बाकावर बसलेली होती, पायात चपला, डोक्यावरून पदर, जणू तासभर तिथून हललीच नाही. किती वेळा तो असाच बाहेर आला होता आणि ती अशीच बसलेली होती.

"झालं?"

"झालं."

दोघं जुन्या हायवेच्या दिशेने चालू लागली. समोर इर्शाळगडाचं टोक उन्हात स्वच्छ दिसत होतं. भाताच्या कापलेल्या खाचरांत वाल उगवून आला होता. दामू तिच्या डावीकडून चालत होता. थोडं पुढे गेल्यावर तो थांबला, तिला पुढे जाऊ दिलं, आणि मागून वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला.

"किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"दहापैकी."

जानकीबाईची पावलं मंदावली. तिने पदर कानावरून पुढे ओढला.

"बाईंनी सांगितलं?"

"नाय. मी पडदा उचलला."

"सुया घिऊन उठलात तुमी?"

"किती ते सांग."

"आज पाच हाय. सुया लावल्या का दोन दिस पाच ऱ्हाती. मंग सात, कदी आठ."

"आनि डाव्या कानानं?"

"डाव्यानं कायच नाय. नुसती शिटी."

"कपिलला म्हाईत हाय."

"त्यानंच पयल्यांदा आणलं हितं. त्याला तीन वर्स झाली."

तीन वर्षं. सोनूकडे जाते म्हणून जायची, ती तीन वर्षं. दामूच्या कानात अजून काही सुरूही झालं नव्हतं तेव्हा.

"वाजतोय कदीपासून?"

"गिरनी बंद व्हायच्या आदी." तिने मनात मोजलं. "पंदरा वर्स झाली आसतील."

पंधरा वर्षं. तेव्हा तो नोकरीत होता. रोज जाऊन गाडीखालच्या लोखंडाला कान देत होता. दामूचा आवाज रागासारखा बाहेर आला.

"पंदरा वर्स माज्या शेजारी ऱ्हायलीस, आनि मला एका शबदानं सांगितलं नायस?"

"सांगितलं व्हतं की."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती रस्त्याकडे, वाहन येतंय का ते बघत बोलत होती.

"कवा?"

"तुमी ड्युटीवरनं आल्तात. मोरीत पाय धूत व्हतात. मी टावेल घिऊन हुबी व्हते. म्हणलं, अवो, माजा कान वाजतोय, दोन म्हयनं झालं." एक टेंपो गेला, तो जाईपर्यंत ती थांबली. "तुमी म्हणालात, वाजतंय ते चाक चांगलं."

दामू रस्त्यात थांबला.

"मंग तुमी हसलात," जानकीबाई म्हणाली. "मी बी हसले."

तो आठवायला लागला. मोरी आठवली. पितळी घंगाळ आठवलं, टॉवेल धरून उभी असलेली ती आठवली, तशी ती रोजच उभी असायची. तो दिवस काही केल्या आठवेना. ते वाक्य त्याने माठाला म्हटलं होतं, कलिंगडाला म्हटलं होतं, रडणाऱ्या नातवाला म्हटलं होतं. त्यातलं तिला म्हटलेलं कोणतं, ते त्याला शोधता येईना. चौतीस वर्षांत त्याच्या हातून एकही तडकलेलं चाक सुटलं नव्हतं, हे तो छातीवर हात मारून सांगायचा. आता त्याचा हात नुसता लोंबत राहिला होता, सुई लावलेल्या जागी रक्ताचा एक बारीक ठिपका होता, आणि तो त्याने धोतराला पुसला.

"ऊन लागतंय," ती म्हणाली. "सावलीत हुबे ऱ्हा."

तो सावलीत गेला, पण तिच्या उजव्या बाजूनेच गेला.

चौककडे जाणारी मिनिडोर आली. मागची बाकडी रिकामी होती. दामू आधी चढला. त्याच्या मागे चढता चढता, दांडा धरून, रोजच्या सवयीने जानकीबाई म्हणाली, "तिकडं सरका."

दामू आधीच सरकलेला होता.